डर्बीचा रविवार: महालक्ष्मीचं कार्ड कसं वाचायचं आणि पैसा कुणावर?

पॅडॉकवाला

फेब्रुवारीचा पहिला रविवार तोंडावर आलाय. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी, चार वर्षांच्या घोड्यांची मोठी शर्यत. अंतिम कार्ड (दिवसभराच्या शर्यती, घोडे, वजनं आणि जॉकी यांची यादी) अजून हातात पडायचंय, त्यामुळे नावं घेऊन भांडायला अवकाश आहे. तोवर कार्ड आल्यावर वाचायला कुठून घ्यायचं, यासाठी हा धागा. वर्षभर गायब असलेले लोक डर्बीच्या आदल्या रात्री 'एक पक्की टिप दे रे' म्हणत उगवतात. ज्याच्याकडे पक्की टिप असते तो ती फुकट वाटत फिरत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी खिसा बराच वाचतो.

माझ्याकडे 'कोण जिंकेल' हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. पहिला प्रश्न, कुठली शर्यत सोडून द्यायची? दिवसभरात आठ-नऊ शर्यती असतात आणि गेटातून आत गेलेल्या माणसाला वाटतं की प्रत्येकीवर आपलं मत हवंच. मुळीच नको. जिच्यात अर्धे घोडे पहिल्यांदाच धावणार आहेत, तिच्यावर मी सरळ फुली मारतो. एक जानेवारीला सगळे घोडे कागदोपत्री एका वर्षाने मोठे होतात, त्यामुळे या मोसमात नुकती तीन वर्षांची झालेली कोवळी जनावरं मैदानात उतरत असतात. त्यांच्याबद्दल जे काही ठाऊक असतं ते तबेल्यात असतं, कार्डात नसतं.

मग हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन. नवखे लोक इथे हमखास गडबडतात, म्हणून जरा सविस्तर. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि रेटिंगच्या एका गुणाला अर्धा किलो वजन. क्लास ४ म्हणजे २० ते ४६ रेटिंग. म्हणजे सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या घोड्याच्या पाठीवर १३ किलोंचा फरक पडू शकतो. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिसं भरून वजन पुरं करतात. हे वजन ठरवणाऱ्या हँडिकॅपरचं ध्येय काय, तर सगळे घोडे एकदमच पोस्टवर (शेवटच्या खांबावर) यावेत. म्हणून 'मागच्या रविवारी हा पाच लेंथनी (घोड्याच्या पाच लांबींनी) जिंकला' याला एकट्याने अर्थ नाही. त्यानंतर त्याचं रेटिंग किती वाढलं, ते बघा. मैलाच्या पल्ल्याला साधारण एक किलो म्हणजे एक लेंथ, असा जुना ठोकताळा आहे. पाच लेंथनी जिंकून दहा गुण वाढले असतील, तर हिशेब तिथेच मिटला.

आता यातली गंमत. क्लास ३ असतो ४० ते ६६. म्हणजे ४२ रेटिंगचा घोडा दोन्हीकडे बसतो. क्लास ३ मध्ये तो हलकं वजन घेऊन दांडग्यांत पळणार, क्लास ४ मध्ये जड वजन घेऊन बरोबरीच्यांत. ट्रेनरने यातलं काय निवडलं, ते कार्डातलं सगळ्यात बोलकं वाक्य. बराच काळ क्लास ३ मध्ये मागेमागे राहिलेला घोडा रेटिंग उतरून पहिल्यांदाच क्लास ४ मध्ये आलाय आणि वर मोठा जॉकी बसवलाय, असं दिसलं की मी तिथे पेन्सिल ठेवतो.

डर्बीबद्दल नंतर. आधी बाकीच्यांनी बोला.

शेवटचा_फर्लाँग

वाचनखूण साठवली. कार्डाइतकंच सकाळचं ट्रॅकवर्क (घोड्यांचा सराव) वाचा, एवढी भर घालतो. पेपरात छापून येतं: 'आउटर सँड (म्हणजे बाहेरची वाळूची पट्टी), ६०० मीटर, ३९ सेकंद. ईझी.' बहुतेक जण आकडा बघतात आणि पुढचा शब्द सोडतात. ३८ सेकंदांत 'पुश्ड' असलेल्या घोड्यापेक्षा ३९ मध्ये 'ईझी' असलेला मला केव्हाही बरा. पहिल्याने जीव काढला, दुसऱ्याने हातचं राखलं.

दोन घोडे जोडीने पळवले असतील तर कोण किती लेंथ पुढे राहिला तेही देतात. पण त्यावर उड्या मारू नका. सकाळी वर बसणारा रायडर किती किलोंचा आहे, ते कुणी छापत नाही. एकावर हलका पोरगा आणि दुसऱ्यावर चांगला जाडजूड माणूस असेल, तर त्या दोन लेंथना काय अर्थ?

आणि इनर सँडवरची वेळ आउटर सँडवरच्या वेळेशी ताडून बघू नका. हे सांगायला नको, पण दरवर्षी सांगावं लागतं.

कट्ट्यावरचा_नवशिक्या

एक बावळट प्रश्न. इंग्लंडातली एप्सम डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची आणि आपली चार वर्षांच्यांची, असं का? आपले घोडे उशिरा मोठे होतात की काय?

पॅडॉकवाला

प्रश्न चांगला आहे. एप्समची डर्बी जूनमध्ये, आपली फेब्रुवारीत. आपले घोडे महिन्यापूर्वीच कागदावर चार वर्षांचे झालेले असतात. जानेवारी ते मे या काळात जन्मलेलं शिंगरू एप्समला खरं म्हणजे तीन वर्षं आणि एक ते पाच महिन्यांचं असतं, आपल्याकडे पावणेचार ते चार वर्षांचं. फरक आठेक महिन्यांचा. पण घोड्याच्या वाढीत आठ महिने काही थोडे नव्हेत. ज्याला लांब पल्ला पेलायचाय त्याला ते लाभतात, असं माझं मत.

सरे_मुक्काम

मी एप्समपासून फार लांब राहत नाही, म्हणून दोन शब्द. एप्समची शर्यत १७८० पासूनची, पण मैदान विचित्र. आधी चढ, मग टॅटनहॅम कॉर्नरकडे चांगलाच उतार, आणि शेवटच्या टप्प्यात जमीन एका बाजूला कललेली. तिथे पुष्कळ चांगले घोडे हरतात ते पायांच्या जोरात कमी पडून नव्हे, तोल सांभाळता न आल्याने. महालक्ष्मीची सुमारे २,४०० मीटरची अंडाकृती धाव त्या मानाने सरळ स्वभावाची. म्हणून आपल्या डर्बीत 'मैदान मानवलं नाही' ही सबब मी सहसा मान्य करत नाही.

ड्रॉबद्दलही (सुटताना कुठलं गेट मिळालं, त्याबद्दल) सांगतो. इथे चेस्टर नावाचं एक इवलंसं मैदान आहे, फेरी जेमतेम मैलाची आणि सतत वळण. तिथे छोट्या शर्यतीत बाहेरचं गेट मिळालं की फेव्हरिटवरचा (ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसा लागलाय त्या घोड्यावरचा) विश्वास लगेच ढासळतो. ते वाचून आपली मंडळी महालक्ष्मीला डर्बीतही ड्रॉ ड्रॉ करत बसतात. २,४०० मीटरमध्ये जागा घ्यायला वेळ असतो. ड्रॉची काळजी १,००० आणि १,२०० मीटरवाल्यांनी करावी.

शेवटचा_फर्लाँग

सहमत. मात्र फॉल्स रेल (सरकवून लावलेला आतला कठडा) किती मीटरवर लावलीय आणि पेनट्रोमीटरचं (जमीन किती मऊ ते मोजणाऱ्या उपकरणाचं) रीडिंग काय आलंय, या दोन ओळी बघितल्याशिवाय स्प्रिंटमध्ये (छोट्या पल्ल्याच्या शर्यतीत) हात घालू नये. रेल सरकली की आतली तुडवलेली पट्टी झाकली जाते आणि आतल्या गेटवाल्यांचं नशीब पालटतं. पहिल्या काही शर्यतींत सगळे जॉकी आपोआप मैदानाच्या मध्यावर येऊ लागले, तर समजायचं आतली जमीन जड आहे. पुढच्या शर्यतींत त्याचा फायदा उठवता येतो. फुकटची माहिती आहे, दुर्बिणीशिवायही दिसते.

कोथरूडची_मावशी

धागा वाचतेय. सगळं शास्त्र ठीक आहे हो, पण हा शेवटी जुगारच ना? आमच्याकडे 'रेसचा नाद' हा शब्द मुलगी देताना चौकशीत विचारला जायचा. उगाच नव्हे.

हिशेबनीस

मावशी, नादाबद्दल तुमचं बरोबर आहे, वाद घालत नाही. कायद्याच्या बाजूने मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या लक्ष्मणन खटल्यात घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ म्हटलंय. मटका आणि रेस एका पंगतीला बसत नाहीत.

पण कर लावताना सरकार दोघांना एकाच पंगतीला बसवतं, आणि माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी तिकिटाच्या पूर्ण रकमेवर, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के. जिंकलेल्या पैशांवर नव्हे, लावलेल्या पैशांवर. समजा तिकीट शंभरचं आणि कर त्यातच धरला, तर डावात जेमतेम ७१ रुपये उतरले. रेस क्लबचा वाटा अजून वेगळाच. वर दहा हजारांपुढे जिंकलात तर ३० टक्के टीडीएस.

म्हणून पॅडॉकवाला जे 'शर्यत सोडा' म्हणतात ते पूर्वी शहाणपण होतं, आता नाइलाज आहे. सगळ्या शर्यतींत थोडं थोडं लावणारा माणूस दिवसाअखेरीस गणितानेच हरतो, घोडे कितीही ओळखत असो. 'कोण जिंकेल' याहून 'या भावात परवडतं का' हा प्रश्न मोठा झालाय. भाव म्हणजे जिंकल्यावर परत किती मिळणार. साधा हिशेब: दहा रुपयांच्या तिकिटावर परत पंचवीस मिळणार असतील, तर त्या घोड्याच्या जिंकण्याची शक्यता शंभरात चाळीसहून जास्त आहे, असं तुम्हाला मनापासून वाटायला हवं. वाटत नसेल तर घोडा जिंकला तरी पैज चुकीचीच होती.

इंग्लंडात फ्लॅटच्या (अडथळे नसलेल्या) शर्यतींत फेव्हरिट साधारण तीनांतून एकदा जिंकतो. म्हणजे तीनांतून दोनदा हरतो. स्टँडमध्ये फेव्हरिट पडला की 'फिक्स होतं' म्हणून ओरडणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

टोकन_नंबर_सात

हिशेबनीस, कर वाचवायचा तर बाहेर पैसे घेणारे आहेत की. मोबाइलवर सगळं मिळतं. भावही चांगला.

हिशेबनीस

मिळतं, आणि बेकायदा आहे. जिंकलात आणि समोरच्याने फोन बंद केला तर दाद कुठे मागणार? इथे तो विषय नको.

पॅडॉकवाला

+१. तो विषय इथेच बंद.

आता डर्बी. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

डिसेंबरात इंडियन २,००० गिनीज आणि १,००० गिनीज या दोन मोठ्या शर्यती होतात, पल्ला १,६०० मीटर. पेपरवाले गिनीजच्या विजेत्यापासून सुरुवात करतात आणि त्याला फेव्हरिट करून टाकतात. डर्बी २,४०० मीटरची. मध्ये आठशे मीटरची दरी. गिनीजमध्ये धावलेल्या बहुतेकांनी तेवढं अंतर शर्यतीत कधी कापलेलंच नसतं. म्हणून मी गिनीजच्या निकालात पहिल्या नंबरावर थांबत नाही. तिसरा, चौथा, पाचवा कोण होता आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये कोणाचा वेग अजून वाढत होता, ते बघतो. रेस पुन्हा बघताना जिंकलेल्यावरून नजर काढा. पोस्ट ओलांडल्यानंतर जॉकी घोडे आवरतात, त्या वेळी कोण पुढे निघून गेला तेही बघा. दमलेला घोडा पोस्टनंतर लगेच मान टाकतो. ज्याच्यात दम शिल्लक आहे तो जॉकीला ओढत वळणापर्यंत जातो.

दुसरं, वंशावळ. वडलांचं नाव सगळे वाचतात, मी आईकडचं आधी वाचतो. आईची भावंडं किंवा तिची आधीची पोरं लांब पल्ल्याला जिंकलीत का? वडील स्प्रिंटर असले तरी आईकडून दम उतरतो.

तिसरं, बाहेरगावची मंडळी. बंगळूर, हैदराबाद, कोलकाता इथून घोडे येतात. त्यांतले काही आपल्या गावची डर्बी २,४०० मीटरला खेळून आलेले असतात. अंतर पेलतं हे सिद्ध झालंय, हा फायदा मोठा. पण तिथला विरोध कसा होता, हे ताडणं कठीण. मी एकच युक्ती करतो: त्या घोड्याने हरवलेल्यांपैकी कुणी नंतर मुंबईत धावलंय का आणि कितवा आला, ते शोधतो. एक असा समान दुवा सापडला की अंधारात काठी लागते.

चौथं, पेस, म्हणजे शर्यतीचा वेग. डर्बीत पुढे कोण धरणार? कार्डात एकही आघाडीवर पळणारा घोडा दिसला नाही तर शर्यत संथ होते, शेवटच्या सहाशे मीटरची स्प्रिंट होते, आणि मग दमाचा घोडा घरी बसतो, वेगाचा जिंकतो. माझी वरची सगळी मांडणी त्या दिवशी उलटी होते. एकाच मालकाचे दोन घोडे असतील आणि त्यातला एक फारसा लायक नसेल, तर तो बहुधा पेस करायला आलेला असतो. 'हा कशाला उतरवला' असा प्रश्न पडला की उत्तर तिथे शोधा.

गिरगावकर

मस्त. पण पॅडॉककाका, तुमच्या 'गिनीजच्या विजेत्यावर विश्वास ठेवू नका'ला माझा एका शब्दाचा विरोध: जॅकलिन. २०१० ची डर्बी. दोन्ही गिनीज तिनेच घेतलेल्या, मग ओक्स (फक्त माद्यांची शर्यत), मग डर्बी. पोरीने पोरांना पाणी पाजलं. तुमच्या पद्धतीने ती कार्डावरून खोडली गेली असती का?

पॅडॉकवाला

नसती. ओक्स २,४०० मीटरचीच असते. डर्बीला उभी राहिली तेव्हा तिचा पल्ल्याचा दाखला हातात होता. उलट फिलीला (मादीला) कोल्टपेक्षा (नरापेक्षा) दीड किलो कमी वजन मिळतं, ५७ ऐवजी ५५.५. ओक्स जिंकलेली फिली डर्बीत उतरली की मी आधी तिच्याकडे बघतो. एकच शंका असते: ओक्स आणि डर्बीत दिवस फार थोडे. दोन मोठ्या शर्यती पाठोपाठ सोसल्या का, हे पॅडॉकमध्ये (शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) बघून ठरवायचं.

आणि पहिली डर्बी आठवते का? १९४३, बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल. तीही फिलीच.

गिरगावकर

हे मान्य. मग स्क्वांडररचं काय? १९ वेळा धावला, १८ वेळा जिंकला. असा एखादा आला तर?

हिशेबनीस

तर शर्यत बघायची, टाळ्या वाजवायच्या, तिकीट काढायचं नाही. त्या भावात काय उरतं?

सरे_मुक्काम

वंशावळीवरून आठवलं. १९९० च्या एप्सम डर्बीत रझीन फेव्हरिट होता आणि सपशेल आपटला. इथल्या लोकांनी त्याला विसरून टाकलं. तोच पुढे भारतात उषा स्टडला (घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मला) गेला आणि त्याच्या पोरांनी आपल्याकडे मोठमोठ्या शर्यती मारल्या. डर्बी हरलेल्या बापाची पोरं डर्बीचे दावेदार. म्हणून एका दिवसाच्या निकालावरून घोड्याला मोडीत काढू नये, असं मी इथल्या मित्रांना सांगत असतो. त्यांना पटत नाही.

कोथरूडची_मावशी

जुगाराचं राहू दे. निवृत्त झाल्यावर या घोड्यांचं काय होतं, ते कुणी लिहिणार आहे का?

शेवटचा_फर्लाँग

मावशी, बऱ्या जातीचे प्रजननाला जातात, काही रायडिंग क्लबांत, आणि सगळ्यांचं भलं होतं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पुण्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगतो. पूनावाला स्टडमधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरम तयार करण्यासाठी दिले जात. हाफकिन घोड्यांच्या रक्तातून सीरम काढतं, तर ते आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. करोनाच्या लशीचा दंड धरलेल्या अर्ध्या देशाचं नातं असं रेसच्या घोड्यांशी निघतं. आणि डर्बीच्या नावाआधी अलीकडे विल्लू पूनावाला यांचंच नाव लागतं.

कोथरूडची_मावशी

हे ठाऊक नव्हतं. बरं झालं सांगितलंत. नादाबद्दलचं मत मात्र तेच.

डेक्कनची_खिडकी

अवांतर: पुण्याचं मैदान १८३० पासूनचं आहे, महालक्ष्मी १८८३ चं. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तीही सुरुवातीला शनिवार-रविवारची गाडी, मुंबईच्या रेसवाल्यांना पुण्याला आणायला. तेव्हा मुंबईकरांनी जास्त टेंभा मिरवू नये. (दिवे घ्या.) पावसाळी मोसम पुण्याचा, आणि पावसाच्या मैदानावर घोडा वाचणं महालक्ष्मीपेक्षा दसपट अवघड. सप्टेंबरात इंडियन सेंट लेजर २,८०० मीटरची, ती इथेच. तेव्हा धागा काढा, मी येते.

टोकन_नंबर_सात

महालक्ष्मीचं मैदान तरी राहणार आहे का? १२० एकर पार्कला दिले म्हणतात.

गिरगावकर

क्लबकडे ९१ एकर राहिले, धावण्याची वाट त्यातच आहे. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला तेव्हापासून ही टांगती तलवार होती, आता निदान काहीतरी ठरलं. पार्क झालं तर वाईट काय? दक्षिण मुंबईत मोकळा श्वास घ्यायला जागा कुठे उरलीय? फक्त तिथे काँक्रीट ओतू नका म्हणजे मिळवलं. यावर वेगळा धागा काढ, इथे भरकटेल.

कट्ट्यावरचा_नवशिक्या

मी पहिल्यांदा येणार आहे. पॅडॉकमध्ये नक्की काय बघायचं? मला सगळेच घोडे सुंदर दिसणार.

शेवटचा_फर्लाँग

सगळे दिसतातच. म्हणून सुंदर कोण ते बघायचं नाही, बिघडलेला कोण ते बघायचं. मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आलाय का? मुंबईच्या दमट दुपारी थोडा घाम सगळ्यांना असतो, पण फेस येऊन तो पायावर ओघळतोय, शेपूट सारखी आपटतेय, डोळ्यांतला पांढरा भाग दिसतोय, मोतदाराला दोन्ही हातांनी धरावं लागतंय, तर त्या जनावराने आपली शर्यत पॅडॉकमध्येच धावून टाकली. २,४०० मीटरला तर हे फारच महागात पडतं. १,००० मीटरला एखादा तसाही जिंकून जातो.

चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढे पडतोय का ते बघ. लांब, सैल चाल हवी. कान पुढे, मान खाली, स्वतःच्याच तंद्रीत चालणारा घोडा मला आवडतो. पहिल्यांदा ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं) लावले असतील तर कार्डात लिहिलेलं असतं, ते जरूर बघ. बरेचदा त्याने आळशी घोडा जागा होतो.

आणि जॉकी वर बसल्यावर घोडा बदलतो. आधीचं मत तेव्हा पुन्हा तपास.

गिरगावकर

जॉकीवरून: पी. ट्रेव्हर, सूरज नरेडू, ए. संदेश यांच्यापैकी कुणी वर असला की लोक डोळे मिटून लावतात आणि भाव पार आटतो. जॉकी चांगला म्हणून घोडा चांगला होत नाही. तरी डर्बीत अनुभव मोजावाच लागतो. पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून आठ डर्बी मारल्या, त्या काय नुसत्या घोड्यांच्या जोरावर नव्हेत. कुठल्या क्षणी हलायचं हे ज्याला कळतं तो अर्धी लेंथ घरून घेऊन येतो.

उलटही बघा. मोठ्या जॉकीला एकाच तबेल्यातल्या दोन घोड्यांतून निवड मिळाली असेल, तर त्याने सोडलेला घोडा कुठला? रोज सकाळी दोघांवर बसून त्याने ठरवलंय. आपल्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

हिशेबनीस

पण तबेल्याशी बांधील असेल तर निवड त्याची नसतेही. कुणाचा करार कुणाशी आहे ते आधी बघा, मग त्यातून अर्थ काढा.

टोकन_नंबर_सात

एवढं सगळं वाचून मी परत जॅकपॉटच लावणार. पाच शर्यतींचे विजेते, एक तिकीट, लागला तर लागला.

पॅडॉकवाला

लाव की, तुझे पैसे. पण जॅकपॉटच्या पाच शर्यतींत फुली मारण्यासारखी एक तरी निघतेच, आणि तिथे तुला सगळे घोडे घ्यावे लागतात, मग तिकीट फुगतं. ट्रेबल बरं, तीनच शर्यती. माझं स्वतःचं ठरलंय: दिवसभरात तीन शर्यती, सगळं विनवर (घोडा पहिलाच यायला हवा), आकडा घरून ठरवून निघायचं.

घोडामैदान जवळच आहे, म्हणून नावांशिवाय पसंती आत्ताच लिहून ठेवतो, नंतर 'मी म्हणालोच होतो'ची सोय नको.

डर्बीत: गिनीजमध्ये जिंकू न शकलेला पण शेवटी जवळ येत गेलेला कोल्ट, ज्याच्या आईकडे लांब पल्ल्याचं रक्त आहे. अट एकच, पुढे पेस धरणारा कुणीतरी कार्डात हवा. तसा पेस नसेल तर मी गिनीजच्या विजेत्याकडे वळेन आणि भाव परवडत नसेल तर डर्बी नुसती बघेन. ओक्सची विजेती उतरली आणि पॅडॉकमध्ये ताजी दिसली तर ती या दोघांच्याही वर.

क्लास ४ मध्ये: वरून उतरलेला, मोठा जॉकी मिळालेला घोडा, जड वजन असलं तरी. डर्बीला येणारी वर्षातून एकदाची गर्दी वजन बघून घाबरते आणि हलक्या वजनाच्या, गोड नावाच्या घोड्यांवर तुटून पडते. त्यामुळे याचा भाव बहुधा आहे त्याहून चांगला मिळतो. दिवसातली माझी सगळ्यात आवडती पैज हीच, डर्बी नव्हे.

तिसरी शर्यत स्प्रिंट, ती मैदान बघूनच. शेवटचा_फर्लाँग रेल आणि पेनट्रोमीटर टाकेल तेव्हा बोलू.

शेवटचा_फर्लाँग

टाकतो. पण तुमच्या क्लास ४ वाल्यावर एक शंका. वरून उतरलेला घोडा कधी कधी उतरतो तो दुखण्यामुळे. मध्ये दोन-तीन महिने धावलेला नसेल आणि ट्रॅकवर्कमध्ये नुसतं कँटर (सावकाश धाव) दिसत असेल, तर तो उतरलेला नाही, संपलेला आहे. निदान दोन वेळा ६०० मीटर बरं पळवलेलं दिसलं तरच.

पॅडॉकवाला

बरोबर. ती अट माझ्या पसंतीला जोडलेली समजा.

कट्ट्यावरचा_नवशिक्या

शेवटचा प्रश्न. यायचं कसं आणि कितीला?

गिरगावकर

पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन, किंवा आता अ‍ॅक्वा मेट्रोचंही महालक्ष्मी आहे. गाडी आणू नकोस, डर्बीच्या दिवशी रस्त्यावरच संध्याकाळ होईल. पहिल्या शर्यतीच्या आधी ये, पॅडॉकच्या कठड्याला जागा मिळते. डर्बीच्या वेळी तिथे टोप्या आणि कॅमेरे यांच्या मधून घोड्याचे कान दिसले तरी खूप.

पॅडॉकवाला

कार्ड आलं की याच धाग्यावर टाकतो. नावांवरचं भांडण तेव्हा.